झेनोचं गाव कोणतं?

अकरावीच्या वर्गात अनंत भूमिती श्रेढी शिकवायच्या आधी मी दरवर्षी झेनो नावाच्या प्राचीन तत्त्वज्ञाची अकिलीस आणि कासवाची गोष्ट सांगते. अकिलीस म्हणजे ग्रीकांचा चपळ वीर. शर्यतीत कासवाला शंभर पावलांची सूट. अकिलीस ती शंभर पावलं धावतो तोवर कासव थोडं पुढे सरकलेलं असतं. तेवढं अंतर तो कापतो तोवर ते आणखी थोडं पुढे. मग हा कासवाला गाठणार कधी? वर्गात पाच मिनिटं भांडणं होतात, कुणीतरी "मॅडम, मी पळून दाखवू का?" म्हणतं, आणि मग मी फळ्यावर 1/2 + 1/4 + 1/8 असं लिहायला घेते. एकोणीस वर्षं हा माझा ठरलेला प्रयोग आहे आणि तो अजून कधी पडलेला नाही.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, ह्या झेनोचं गाव कोणतं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "ग्रीस" म्हणून टाकलं.

"ग्रीस तर देश झाला. गाव?"

मला येईना. एकोणीस वर्षं ज्याच्या जिवावर मी वर्ग गाजवते त्याचं गाव मला माहीत नव्हतं. आणि आपल्याकडे तर नवीन माणूस भेटला की नावाच्या आधी गाव विचारतात.

घरी येऊन शोधलं तर मी देशसुद्धा चुकीचा सांगितला होता. झेनो ग्रीक होता, पण गाव इटलीत. एलिया. रोमन लोक त्याला वेलिया म्हणत. नेपल्सच्या दक्षिणेला सालेर्नो, सालेर्नोच्या खाली चिलेन्तो नावाचा डोंगराळ किनारा, आणि त्या किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर हे गाव. अजून आहे. म्हणजे वस्ती नाही, पण रस्ते, दगडी वेस, तटबंदी, सगळं आहे. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वर्गात उत्तर दिलं. तो म्हणाला, "मग तुम्ही जाऊन आलाय काय?" ह्या पोरांना उत्तर देऊन भागत नाही.

तर मे महिन्यात जायचं ठरलं आहे. आणि एकटी नाही, आईआबांना घेऊन.

आधी ह्या गावाबद्दल थोडं सांगते, कारण ज्याला त्याला हेच सांगत सुटले आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर फोकाया नावाचं ग्रीक शहर होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्याला इराणी फौजांनी त्याला वेढा घातला. तेव्हा त्या लोकांनी बायकापोरं, देवांच्या मूर्ती, होतं नव्हतं ते सगळं गलबतांवर चढवलं आणि शहर सोडलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की जाताना त्यांनी लोखंडाचा एक मोठा गोळा समुद्रात टाकला आणि शपथ घेतली, हा गोळा पाण्यावर तरंगेल तेव्हाच आपण परत येऊ. पुढची ओळ मला जास्त आवडते. निम्म्याहून जास्त लोकांना घराची इतकी आठवण आली की ते शपथ मोडून परत गेले.

हे मी आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आमचं गाव शिरोळ तालुक्यात. 2019 च्या पुरात बोट दारात येऊन थांबली तरी हे म्हशी सोडून निघेनात. शेवटी म्हणाले, "लोखंड कशाला टाकायचं. जायाचं तर जायाचं."

शपथ पाळून जे उरले ते आधी कॉर्सिका बेटावर गेले. तिथे इटलीतल्या एट्रुस्कन आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजवाल्यांशी समुद्रावर लढाई झाली. म्हणायला जिंकले, पण साठातली चाळीस गलबतं गेली. मग भटकत भटकत इसवी सनापूर्वी 540 च्या सुमाराला ह्या टेकडीपाशी थांबले. अशा निर्वासितांच्या गावात दोन पिढ्यांत पार्मेनिडीस हा तत्त्वज्ञ निघाला, जो म्हणाला की बदल नावाची गोष्टच नाही, आहे ते आहे. आणि त्याचा शिष्य झेनो, ज्याने गती अशक्य आहे हे सिद्ध करून दाखवलं. ज्यांचे आजोबा अर्धा भूमध्य समुद्र हिंडले त्यांनी म्हणायचं की काही हलतच नाही! हे मी वर्गात नक्की सांगणार.

आता बेताकडे येते. ओळखीतल्या एका टूरवाल्याला विचारलं. त्याने रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, सात रात्री, "रात्रीचं जेवण भारतीय" असा कागद पाठवला. चिलेन्तो म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, तिकडे काय आहे?" मग मीच बसले. 1 मेला निघायचं, 10 ला परत. आखातात विमान बदलून रोम. तिथून वेगवान रेल्वेने सालेर्नो, पुढे साध्या पॅसेंजरने पेस्टम, जिथे जुनी ग्रीक देवळं आहेत. सालेर्नो ते पेस्टम अर्ध्या तासाच्या आसपास. पेस्टमहून त्याच मार्गावर खाली आशेआ नावाचं स्टेशन आहे, वेलियासाठी तिथे उतरायचं. त्या साध्या गाड्यांचं कागदी तिकीट काढलं तरी गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड. हे मी वहीत दोनदा लिहिलंय.

तारखा आईने पक्क्या केल्या. आई माळकरी. दिवाळीची सुट्टी मला बरी पडली असती, पण कार्तिकी चुकवायची म्हणजे तिच्या दृष्टीने बोलायचीच गोष्ट नाही, आणि जूनपासून आषाढीची तयारी. राहिला मे. तिने कालनिर्णय काढलं, दोन एकादशींच्या मधली मोकळी जागा दाखवली आणि म्हणाली, "ह्यात काय ते बसव." बसवलं. शिवाय इटलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वाची ठिकाणं फुकट असतात. तो रविवार पेस्टमला येतोय हे कळल्यावर आबांचं पहिल्यांदा माझ्या नियोजनाबद्दल बरं मत झालं.

त्याआधी त्यांचं मत असं होतं की तिघांच्या खर्चात चार म्हशी येतात. हे गणित बरोबर आहे, मी तपासलं. चांगली दुभती म्हैस आता लाखाच्या वर जाते.

आबांना पडकी देवळं बघण्यात काडीचा रस नाही. "आपल्याकडं खिद्रापूर हाय की." खिद्रापूरचं कोपेश्वर आमच्याच तालुक्यात, त्यामुळे ह्यावर मला बोलता येईना. मग मी हुकमाचं पान टाकलं. पेस्टमच्या भोवतीच्या सगळ्या सपाट मुलखात म्हशी आहेत. देवळांच्या तटाबाहेर शेतं आणि शेतांत म्हशींचे गोठे. इटलीतलं ते प्रसिद्ध मोझरेला चीज, खरं मोझरेला, ते म्हशीच्या दुधाचं, आणि ते ह्याच भागातलं.

आबांचा पहिला प्रश्न: "फॅट किती लागतो?"

ज्यांच्या घरचं दूध संघाला जातं त्यांना कळेल, ह्याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. मी शोधून सांगितलं, आठच्या आसपास.

"आठ? खायला काय घालत्यात?"

तिथून पुढे चक्रं फिरली. मी त्यांना तिथल्या एका गोठ्याचा व्हिडिओ दाखवला. म्हशींना बसायला रबरी गाद्या. अंग खाजलं की म्हैस आपण होऊन एका गोल ब्रशखाली जाऊन उभी राहते, ब्रश फिरायला लागतो. धार काढायला यंत्र, आणि म्हैस स्वतःच रांगेत येऊन उभी राहते. आबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग शिंगांवर बोट ठेवून म्हणाले, "पंढरपुरी न्हाई ही. शिंगं आखूड हायती." आमच्या गोठ्यात दोन पंढरपुरी आणि एक मुऱ्हा. पंढरपुरीची शिंगं खांद्याच्या मागेपर्यंत तलवारीसारखी जातात, त्यापुढे ह्या इटलीच्या म्हशी त्यांना बोडक्याच वाटल्या असणार.

राहायला हॉटेलऐवजी एका शेतातलं घर घेतलंय. तिकडे ह्याला अग्रितुरिझ्मो म्हणतात, आपल्याकडचं कृषी पर्यटन. "शेतात ऱ्हायला पैसं?" असं आबा म्हणाले, पण घरमालकीणबाईंना विचार म्हणाले की पहाटे धार कितीला काढतात. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने मी विचारलं. त्यांचं उत्तर आलं की शेजारच्या गोठ्यात नेऊन दाखवतील. बरोबर एक म्हशीचं चित्र.

आता ह्यातली अडचण. मोझरेला करताना दूध फाडायला रेनेट घालतात, आणि ज्या मोझरेलाला त्या प्रदेशाच्या नावाचा अधिकृत शिक्का आहे त्याला ते वासराच्याच पोटातलं लागतं, तसा नियम आहे. कापलेल्या वासराच्या पोटातलं. मला हे माहीत झाल्यावर दोन दिवस मी आईला काही बोलले नाही. खोटं सांगून खाऊ घालायचं हे जमणार नव्हतं, आणि माळ घातलेल्या बाईला हे कुठल्या शब्दांत सांगायचं तेही सुचेना. शेवटी भाकऱ्या थापताना सांगितलं. ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, "दही कशानं लावत्यात?"

"दही विरजणानंच."

"मग मी दही खाईन. ह्यांना काय खायाचं ते खाऊ देत."

आबांनी माळ घातलेली नाही, पण तेव्हापासून मोझरेलाचं नाव काढत नाहीत. बघू तिथे गेल्यावर.

बाकी जेवणाची मला फार चिंता वाटत नाही. चिलेन्तो हा गरिबांचा, डोंगराचा मुलूख, त्यामुळे खाणं डाळी-भाज्यांचं. लागाने ए चेची म्हणून तिथला जुना पदार्थ आहे. कणकेच्या जाड पट्ट्या कापून हरभऱ्यांबरोबर शिजवायच्या, वरून ऑलिव्हचं तेल आणि लसूण. फोटो बघून आई म्हणाली, "चकोल्याच की." तुरीच्या जागी हरभरा, एवढाच फरक. शिवाय वाळका पाव पाण्यात भिजवून वर टोमॅटो आणि तेल, आक्वासाले. शिळ्या भाकरीचा काला करणाऱ्या घराला त्यात नवीन काही नाही. ज्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'मेडिटेरेनियन डाएट' जगभर पोचवलं तो अँसेल कीज ह्याच किनाऱ्यावरच्या पिओप्पी गावात येऊन राहिला होता आणि शंभर वर्षं जगला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, तुझी पणजी काय खात होती विचार की त्याला.

एक गोष्ट मात्र तिच्या मनाविरुद्ध झाली. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-तुपाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत. त्यामुळे तुपाची बरणी आणि पेढे बाद. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि धपाट्यांचा डबा मंजूर झालाय.

पेस्टमबद्दल मला स्वतःला जे वाटतं ते लिहायचं राहिलंच. तिथे तीन ग्रीक देवळं एकाच आवारात उभी आहेत, मधाच्या रंगाच्या दगडाची. मलेरियाने आणि दलदलीने गाव ओस पडलं, लोक डोंगरावर गेले, म्हणून ती टिकली. अठराव्या शतकात युरोपला त्यांचा पुन्हा शोध लागला. 1787 मध्ये जर्मन कवी गटे तिथे गेला तेव्हा इतके जाड, दाटीने उभे खांब बघून आधी बावरलाच होता, मग तासाभराने त्याची नजर सरावली.

मी गणिताची बाई, मी खांब मोजले. नकाशावर. सगळ्यात जुनं देऊळ इसवी सनापूर्वी 550 च्या सुमाराचं, समोर 9 खांब आणि बाजूला 18. समोर नऊ म्हणजे बरोबर मधोमध एक खांब येतो, दारातच. आत गाभाऱ्यातही मधून खांबांची रांग. अठराव्या शतकातल्या पंडितांना हे देऊळ वाटलंच नाही, त्यांनी त्याला बॅसिलिका, म्हणजे रोमन सभागृह, म्हटलं आणि चुकीचं नाव आजही चालू आहे. मग 500 च्या सुमाराचं अथेना देवीचं देऊळ, 6 आणि 13. मग 450 च्या सुमाराचं, सगळ्यात भक्कम, 6 आणि 14. समोरच्या खांबांना n म्हणा. पहिल्याचे बाजूचे खांब 2n, दुसऱ्याचे 2n + 1, तिसऱ्याचे 2n + 2. रात्री साडेअकराला हे लक्षात आलं तेव्हा मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "योगायोग असेल." योगायोगच आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाला 8 आणि 17, म्हणजे पुढे 2n + 1 लाच मान मिळाला. पण पन्नास-पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच मैदानात ओळीने ही तीन उत्तरं उभी असताना मी झोपू कशी?

पेस्टमच्या संग्रहालयात एक थडगं आहे. 1968 मध्ये सापडलं. आतून पाच दगडी फरशांवर रंगवलेलं, आणि वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय. अडीच हजार वर्षांपूर्वीचं चित्र. खाली हिरवटसर पाणी, दोन किरकोळ झाडं, आणि मधल्या हवेत हा एकटा. मृत्यूत झेप वगैरे त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मोठा करून तो फोटो आबांना दाखवला. आबांनी पोरपणी पंचगंगेत आणि आमच्या विहिरीत सूर मारण्यात नाव काढलेलं. त्यांनी चष्मा लावला, नीट बघितलं.

"मान वर हाय त्याची. मान वर ठेवून सूर मारला तर तोंडावर सडकून आपटतंय. मान खाली पायजे." मग जरा वेळाने, "हात बरोबर हायती."

ते चित्र त्यांना प्रत्यक्ष बघायचंय. देवळं नकोत, पण हा पोरगा बघायचा.

व्हिसाची कथा थोडक्यात. शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, 30 हजार युरोचा प्रवास विमा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आबांचं उत्पन्न शेतीचं, त्यामुळे आयकराचे कागद नाहीत. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं आणि संघाच्या दूधबिलाचा उतारा, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं. केंद्रावर बोटांचे ठसे उठेनात. चाळीस वर्षं धारा काढून आणि ऊस सोलून बोटांच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. आधारच्या वेळीही हेच झालं होतं. काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा "अंकल, प्रेस करा" म्हणत होती आणि आबा असं दाबत होते की यंत्र टेबलावरून सरकत होतं. शेवटी आईने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, एक थेंब बोटांना चोळून पदराने पुसला, आणि ठसे उठले. मागच्या शुक्रवारी पासपोर्ट परत आले. तिघांवरही व्हिसा आहे.

वेलियाला मी एक पूर्ण दिवस ठेवलाय. टेकडी चढायची आहे, आईचा गुडघा बघता ती खाली सावलीत बसेल. पूर्वी समुद्र पायथ्याला लागत होता, आता गाळाने मागे हटलाय. वर पोर्ता रोझा नावाची एक वेस आहे, दोन टेकाडांच्या खिंडीत, वाळूच्या दगडाची नितळ कमान. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. दरड कोसळून ती गाडली गेली, म्हणून शाबूत राहिली. मारिओ नापोली ह्या पुरातत्त्वज्ञाला ती 1964 मध्ये सापडली, आणि त्याने तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. ते सूर मारणाऱ्याचं थडगं शोधणाराही तोच. त्या कमानीखाली उभं राहून मला एक फोटो काढायचाय, मागच्या बाकावरच्या त्या मुलासाठी. तो आता बारावी देऊन गेलाही, पण नंबर आहे.

सगळं ठरलं असं म्हणून हे लिहायला बसले होते, तोवर काल रात्री आबांचा फोन. थोरली पंढरपुरी गाभण आहे. 5 जुलैला भरवली होती. म्हशीचे दहा महिने दहा दिवस, म्हणजे 310 दिवस, धरले तर 11 मे येतो. आम्ही 10 ला रात्री मुंबईत उतरणार, गावी पोचायला 11 ची दुपार.

"दोन दिवस अलीकडं घे तिकीट," आबा म्हणाले.

मी सांगितलं, तिकिटं बदलली तर पैसे जातात. शिवाय हिशोबाने आपण वेळेत पोचतोय.

"म्हशीला तुझा हिशोब कळतोय व्हय?"

धाकट्या काकांना विचारलंय. ते म्हणतात बघतो. आबा म्हणतात, त्याला धार नीट काढता येत नाही, वीत आलेली म्हैस काय सांभाळणार. आई म्हणते, मी राहते मागे, तुम्ही दोघं जाऊन या. आणि ते मला अजिबात मान्य नाही. रविवारी गावाला जाते आहे, तेव्हा म्हैस बघून ठरेल.